दहावीच्या मार्कशीटला एक्स्पायरी असते का?

मागच्या महिन्यात एक गृहस्थ भेटायला आले, पंचेचाळिशीचे असतील, प्लास्टिकच्या पिशवीत दहावीची मार्कशीट, मार्च १९९६ ची. म्हणाले, सर, बारावी करायचीय पण ही दहावी आता चालेल का, का परत द्यावी लागेल? हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांना हेच विचारायचंय म्हणून तर तुम्ही इथे बसलाय.

तर चालते. कायमची चालते. सिलॅबस कितीदा बदलला, पेपरचा पॅटर्न बदलला, पण पास तो पास, बोर्ड तुम्हाला परत बोलावून तपासत नाही. जुनी अकरावी मॅट्रिक झालेले आजोबा आहेत ना, तेही मॅट्रिकच.

मग लोकांच्या डोक्यात हे एक्स्पायरीचं येतं कुठून? पुढच्या परीक्षांमधून. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनला बारावी त्या वर्षीची किंवा मागच्या दोन वर्षांतली लागते, आयआयटीच्या अॅडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच चान्स, मेडिकलच्या नीटचा स्कोअर त्या वर्षापुरता, एम.टेक.साठीच्या गेटचा तीन वर्षं. यातलं कुणीही तुमची बारावी बाद झाली असं म्हणत नाही हो, फक्त त्यांच्या रांगेत उभं राहायची मुदत संपलेली असते. घरी मात्र 'ड्रॉप घेतला तर बारावी वाया जाईल' अशी भांडणं होतात, मी ऐकलीत.

आता आपल्या राज्य मंडळाच्या रिपीटचं बघू, खरा घोळ तिथे आहे. नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा असते, पूर्वी ऑक्टोबरला व्हायची, आता जून-जुलैत होते. जे विषय सुटलेत त्यांना एक्झम्प्शन घ्यायचं आणि राहिलेले तेवढे द्यायचे. दहावीला एक-दोन विषय गेले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय मागे ठेवून, अकरावीत बसता येतं, वर्ष जात नाही, हे अजूनही बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि पोरगं दोन महिने घरात तोंड लपवून बसतं.

पास झालेल्याला मार्क वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चला जे पास झाले त्यांना लगतच्या तीन संधी होत्या, जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. 'लगतच्या' हा शब्द नीट वाचा, पाच वर्षांनी आठवण झाली म्हणून या योजनेत बसता येत नाही. आणि इथेच सगळे फसतात, 'सर, फक्त मॅथ्स परत देतो'. नाही देता येत, श्रेणीसुधारला सगळे विषय घेऊनच बसावं लागतं, म्हणजे मॅथ्सच्या दहा मार्कांसाठी मराठीचा निबंध परत लिहायचा! तेवढी तयारी असेल तरच फॉर्म भरा असं माझं स्पष्ट मत आहे. सीबीएसईचं वेगळं, त्यांनी २०२६ पासून दहावीला वर्षात दोन परीक्षा केल्यात, पहिली द्यायचीच, दुसरीत जास्तीत जास्त तीन विषय सुधारता येतात आणि त्यातले चांगले मार्क धरतात. शेजारच्या सीबीएसईवाल्या मुलाचं ऐकून आपला फॉर्म भरू नका एवढंच.

बरं, मार्कशीटवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मार्चच्या ऐवजी जुलै दिसला की घरच्यांना तो डाग वाटतो, पण त्या कागदावर पास लिहिलंय ना, मग अॅडमिशनला तो पासच. एखाद्या फॉर्मवर प्रयत्न किती असं विचारलं असेल तर मात्र खरं लिहा, कारण कागद मागितले की महिना दिसतोच.

ते गृहस्थ? त्यांना म्हटलं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे कॉलेजला न जाता खाजगी बसा, दहावी तुमची ठणठणीत आहे. फक्त ती मार्कशीट त्यांनी लॅमिनेट केली होती, आणि प्लास्टिकच्या आत शाई पुसट होऊन सीट नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसेनात. आता विभागीय मंडळाकडे डुप्लिकेटसाठी अर्ज केलाय.