इंग्रजीला शेजार हवा

श्रोते हो, नमस्कार.

बडोद्यातल्या मराठी घरांना गुजराती कुणी शिकवली? दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांत राहणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांसाठी कुणी क्लास काढला नव्हता. खंडेराव मार्केटात भाजीचा भाव करताना, शेजारच्या बेनबरोबर ओट्यावर मेथी निवडताना, एकमेकींच्या घरी पापड लाटायला जाताना ती भाषा कानावर पडत गेली आणि हळूहळू तोंडातही आली. वाचायला शिकवलं वर्तमानपत्रानं. ओळखीच्यांपैकी कुणाकडे बेसणं, म्हणजे मृत्यूनंतरची सांत्वनाची बैठक, आहे, किती वाजता आहे, हे कळायला हवं. म्हणून त्या चौकटी वाचता वाचता पुष्कळ जणींना गुजराती अक्षरं येऊ लागली. चुका होतच होत्या. पण चूक झाली म्हणून शेजारीण बोलणं थांबवत नसे. तेच वाक्य ती सहज नीट म्हणायची आणि गप्पा पुढे चालू राहायच्या.

इंग्रजीविषयी बोलायला आले आणि गुजरातीपासून सुरुवात केली, याला कारण आहे. मी अनेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीत काही बायका आणि कॉलेजची मुलं जमतात, त्यांच्याबरोबर इंग्रजीत बोलते, वाचते. एवढ्या काळात एक गोष्ट मला पक्की समजली आहे. आपल्याला गुजराती आली ती शेजारामुळे. इंग्रजीला आपल्याकडे असा शेजार नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं वहीतच राहते. तो शेजार मुद्दाम तयार करावा लागतो, आणि तो तयार करता येतो.

या गावाला हे नवीन नाही. 1875 साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळराव बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक म्हणून आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास त्याच्यापुढे एकदम आला. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्याचे शिक्षक होते आणि 1881 च्या अखेरीस राज्यकारभार हाती येईपर्यंत त्यांचा रोजचा सहवास होता. पुढे याच सयाजीराव महाराजांनी 1933 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत इंग्रजीतून भाषण केलं. त्यांना राजवाड्यातले शिक्षक मिळाले, आपल्याला कुठून मिळणार, असं कुणी म्हणेल. पण महाराजांनीच त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. 1906 मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि सार्वजनिक वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. पेट्यांत पुस्तकं भरून त्या पेट्या गावोगावी पाठवल्या जात, आणि वाचणाऱ्याला फी नसे. आपली मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी ही त्याच कामाची खूण. इतकं जवळ असूनही आपल्यातले किती जण तिथे जातात, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. अरविंद घोष सातव्या वर्षी इंग्लंडला गेले आणि 1893 मध्ये परत येऊन बडोद्याला नोकरीत रुजू झाले. पुढे बडोदा कॉलेजात ते इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत. दांडिया बाजारातलं अरविंद निवास आपण येता-जाता पाहतो. इंग्रजीवर इतकं प्रभुत्व असलेल्या या माणसाला स्वतःची बंगाली मात्र नीट बोलता येत नव्हती. बंगाली पुस्तकं ते वाचू लागले होते, समजत होतं, बोलणं अडत होतं. मग 1898 मध्ये त्यांनी दीनेंद्रकुमार राय या बंगाली लेखकाला बडोद्याला बोलावून स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोज ठरावीक धडा असा नव्हता. दोघं एकत्र राहत, गप्पा मारत, वाचत. राय त्यांच्याबरोबर शिक्षकापेक्षा सोबती म्हणून अधिक राहिले. आपल्याच भाषेत बोलता यावं म्हणून एवढा मोठा विद्वान घरात बोलणारं माणूस आणून ठेवतो. त्याच वेळी मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यांकडून रेल्वे पार्सलनं त्यांच्याकडे पुस्तकांची खोकी येत. बोलणं आणि वाचन एकाच घरात, एकाच दिवसात चालू होतं.

आता आपल्या मुलांची स्थिती पाहा. गुजरात राज्य झाल्यावर पुष्कळ वर्षं मातृभाषेच्या शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू होई. आणि 1949 साली स्थापन झालेल्या आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवण्याची भाषा इंग्रजी. म्हणजे थोडक्या वर्षांच्या इंग्रजीवर मूल एकदम त्या वर्गात जाऊन बसायचं. कितीतरी हुशार मुलं तिथे वर्ष-वर्ष तोंड उघडत नसत. आता शाळेत इंग्रजी लवकर येतं, इंग्रजी माध्यमाच्या शाळाही गल्लोगल्ली झाल्या, तरी हे गप्प बसणं मला अजून दिसतं. मुलाला काळाचे बारा प्रकार येतात, पण काल संध्याकाळी काय केलंस असं इंग्रजीत विचारलं की ते खाली बघतं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी अलकापुरी, फत्तेगंज भागात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास भरपूर आहेत. त्या परीक्षेतला बोलण्याचा भाग अकरा ते चौदा मिनिटांचा असतो. सुरुवातीला विचारतात काय? तुमचं घर कुठे, गल्ली कशी आहे, काय काम करता, मोकळ्या वेळात काय आवडतं. मग एक विषय देतात, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. तुमच्या आवडीची जागा, तुमच्यावर ज्याचा प्रभाव पडला असा माणूस, असे विषय असतात. थोडक्यात, परीक्षासुद्धा ओट्यावरच्या गप्पाच मागते. आणि आमची मुलं त्याची उत्तरं पाठ करून जातात! परीक्षकानं पाठ केलेल्या उत्तरावर एक साधा उपप्रश्न विचारला, की सगळं अडतं. पाठ केलेल्या वाक्यांवर पैसे घालवू नका, हे मी कळकळीनं सांगते.

मग गप्पा मारायच्या कुणाशी? आपल्यासारख्याच शिकणाऱ्याशी. एक सोबती निवडा. बहीण असो, मैत्रीण असो, सकाळी कमाटीबागेत बरोबर फिरणारे काका असोत. रोज दहा मिनिटं पुरेत. विषय त्या दिवसातलाच घ्यायचा. आज भाजी काय भावानं मिळाली, पाणी का आलं नाही, बस का चुकली, नणंद फोनवर काय म्हणाली. मोठे विषय सुरुवातीला घेऊ नका. पर्यावरणावर कुणाला रोज बोलायचं असतं? माणूस ज्याविषयी मनापासून बोलतो, त्याचे शब्द त्याला शोधावेसे वाटतात, आणि शोधलेले शब्द टिकतात. सोबत्याची चूक मध्येच तोडून काढायची नाही. आपल्या शेजारणीसारखं करायचं. तिनं ‘आय गोएड टू मार्केट’ म्हटलं तर तुम्ही ‘ओ, यू वेंट टू द मार्केट, अँड व्हॉट डिड यू बाय?’ असं विचारा. तिला योग्य रूप ऐकू आलं, अपमान झाला नाही, आणि बोलणंही थांबलं नाही.

इथे घरातल्या मंडळींशी मला दोन शब्द बोलायचे आहेत. आमच्या शनिवारच्या बैठकीत एक मावशी येतात. डबे करतात, हिशेब तोंडी करतात, गुजराती-हिंदी दोन्ही फर्डं बोलतात. लेक इंग्लंडात लेस्टरला आहे, नात तिथेच वाढते आहे. नातीशी फोनवर बोलायला इंग्रजी हवं म्हणून त्या आल्या. पहिले कितीतरी शनिवार त्या नुसत्या ऐकत होत्या. बैठकीत त्यांना भीती नव्हती. घरी एकदा त्यांनी इंग्रजीत वाक्य म्हटलं तेव्हा मुलगा आणि सून हसली होती, आणि ते हसणं त्यांच्या मनात बसलं होतं. त्या दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आईनं पन्नाशीनंतर नवीन भाषेला हात घातला, या धाडसाला हसू येता कामा नये. मुलांनो, तुमची पहिली अक्षरं त्या आईनं किती वेळा न हसता ऐकली आहेत. आज तुमची पाळी आहे. व्याकरणाच्या सगळ्या पुस्तकांनी मिळून जेवढी इंग्रजी अडवली नसेल, तेवढी घरातल्या हसण्यानं अडवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वाचन. शेजारीण आपल्याला नुसते शब्द देत नव्हती, स्वतःच्या घरच्या रीतीही सांगत होती. शीतळा सातमला चूल का पेटवायची नाही, लग्नात मामेरू, म्हणजे मामाकडचा आहेर, कोण आणतं, हे तिच्याकडूनच कळलं. इंग्रजीच्या बाबतीत हे काम पुस्तकांनी आणि लेखांनी करायचं असतं. मात्र सुरुवात आपल्या घरच्या गोष्टींपासून करा, असं मी सुचवीन. 2023 च्या डिसेंबरात युनेस्कोनं गुजरातच्या गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याविषयी युनेस्कोनं इंग्रजीत लिहिलं आहे, ते वाचा. मधला दिवा, भोवतीचं रिंगण, टाळ्यांचा ठेका हे सगळं आपल्या पायांना ठाऊक आहे. त्यामुळे नवा शब्द आला तरी अर्थ आपसूक लागतो, शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. चांपानेर-पावागड 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्याविषयी वाचा. कमाटीबागेतल्या संग्रहालयात मुलांना घेऊन जा, ममीपुढे आणि निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे उभे राहून तिथली माहिती मोठ्यानं वाचा, आणि घरी आल्यावर कागद न बघता एकमेकांना सांगा.

मग इंग्रजांच्या घरी जायचं, म्हणजे वाचनातून. आपली दिवाळी बहुधा ज्या दिवसांत येते, त्याच सुमाराला, 5 नोव्हेंबरला, इंग्लंडमध्ये रात्री होळ्या पेटतात आणि आतषबाजी होते. 1605 साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी पार्लमेंटच्या इमारतीखाली बंदुकीच्या दारूची पिंपं ठेवून राजासकट सगळं उडवून द्यायचा कट केला होता. तो उघडकीला आला, त्याची ती आठवण. पुतळा करून जाळण्याचीही चाल आहे. आम्ही हा मजकूर वाचला तेव्हा मावशींनी लगेच विचारलं, आपण दसऱ्याला पोलो ग्राउंडवर रावण जाळतो तसंच का हे? प्रश्न मराठीतच विचारला, पण त्याचं उत्तर द्यायला सगळेच इंग्रजीत धडपडले. कुणी म्हणालं, रावण पुराणातला आणि हा इतिहासातला. एका मुलीनं कट करणाऱ्यांची बाजू मांडली. ते कॅथलिक पंथाचे होते आणि त्या काळी कॅथलिकांवर बंधनं होती, हे तिनं वाचलं होतं. तास कधी संपला कळलं नाही. मावशींनी तेव्हा पहिल्यांदा लांब बोलून दाखवलं, आणि नंतर फोनवर नातीला तो प्रसंग सांगितला. नातीच्या शाळेत तो शिकवलेला असल्यामुळे तिनं उरलेला भाग आजीला ऐकवला.

रीतिभाती माहीत नसल्या तर भाषा येऊनही अडचण होते. आपल्याकडे पाहुणा ‘नको’ म्हणतो आणि आपण तरीही पुरणपोळी वाढतो. आग्रह झाल्याशिवाय हो म्हणणं त्यालाच बरं वाटत नाही. इंग्लंडमध्ये एकदा ‘नो, थँक यू’ म्हटलं की ताट पुढे जातं, आणि यजमान आपलं म्हणणं मानल्याचा आदरच दाखवत असतो. बैठकीतली एक मुलगी शिकायला तिकडे गेली. पहिल्याच आमंत्रणात ती संकोचानं नको म्हणाली आणि उपाशी घरी आली. ‘हाऊ आर यू’ला दोन शब्दांत उत्तर द्यायचं, तब्येतीची हकिकत सांगायची नाही. पगार किती, लग्न का झालं नाही, हे आपण आपुलकीनं विचारतो, ते तिथे विचारत नाहीत. बसथांब्यावर अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं तर हवामान हा विषय चालतो. आमच्या बडोद्यात मे महिन्यात हवामानाविषयी बोलायला काही उरत नाही, पण पावसाळ्यात सराव करता येईल. प्राध्यापक स्वतःला पहिल्या नावानं हाक मारायला सांगतात, तेव्हा त्यात उद्धटपणा नसतो. दुकानात, बसमध्ये ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ प्रत्येक वेळी म्हणायचं. हे सगळं वाचून आधीच कळलेलं असलं की बोलताना मन मोकळं राहतं.

आणि रेडिओवरून बोलते आहे, तर ऐकण्याविषयी सांगायलाच हवं. बीबीसीनं रेडिओवरून इंग्रजी शिकवायला 1943 मध्ये सुरुवात केली. व्हॉइस ऑफ अमेरिकेनं 1959 च्या ऑक्टोबरात ‘स्पेशल इंग्लिश’ नावाच्या बातम्या सुरू केल्या. शब्द साधारण दीड हजार, वाक्यं लहान, वाचण्याचा वेग नेहमीपेक्षा बराच कमी. शॉर्टवेव्हवर खरखर ऐकत कितीतरी देशांतली माणसं त्यावर इंग्रजी शिकली. दीड हजार शब्दांत साऱ्या जगाच्या बातम्या सांगता येत होत्या, हे ज्यांना आपला शब्दसंग्रह कमी वाटतो त्यांनी लक्षात घ्यावं. आता मोबाइलवर असे संथ वाचलेले मजकूर पुष्कळ मिळतात. एक वेळ नुसतं ऐका, दुसऱ्यांदा मजकूर समोर धरून ऐका, तिसऱ्यांदा वाचणाऱ्याबरोबर मोठ्यानं म्हणा.

वाचनालयात गेलात की मुलांच्या कपाटापासून सुरुवात करायला लाजू नका. तिथल्या गोष्टी, प्रवासवर्णनं, सणांची पुस्तकं मोठ्या टाइपात आणि साध्या वाक्यांत असतात. व्याकरणाचं पुस्तक जरूर घ्या, पण एखादी चूक वारंवार होऊ लागली की त्यापुरतं उघडा.

सोबती ठरला, वेळ ठरली, आणि पहिल्या दिवशी काय बोलायचं असं विचाराल, तर उत्तरायण घ्या. गच्चीवर सकाळी किती वाजता चढता, पतंग कुठून आणता, मांजा कसा करतात, पेच कसा लावायचा, दुपारी उंधियू कुणाकडून येतो, हे इंग्लंडातल्या माणसाला सांगतोय असं समजून सांगा. ऐकणाऱ्यानं निदान पाच प्रश्न विचारायचे. शब्द अडला तर हातानं दाखवा, मराठीत सांगा आणि पुढे जा. अडलेले शब्द त्याच रात्री शोधून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी भूमिका बदला.

नमस्कार.