लाईट चालूच राहू दे

(दृश्य: सकाळचे अकरा. सीबीएसचा, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाचा सिग्नल. रिक्षा, सिटी बस, दुचाक्यांची दाटी.)

नाशिकमध्ये भर उन्हात दुचाकीचा दिवा लागलेला दिसला की समोरून येणारा कुणीतरी हात वर करतो आणि पाचही बोटं मिटून-उघडून दाखवतो. सिग्नलला शेजारी थांबलेले काका हमखास सांगतात, "भाऊ, लाईट चालू आहे." सांगण्यात आपुलकी असते. विसरला असेल बिचारा, बॅटरी उतरेल. नवीन गाडी घेतलेला पोरगा हँडलवर अंगठ्याने बटण चाचपतो. बटण नसतंच.

१ एप्रिल २०१७ पासून भारतात तयार होणाऱ्या दुचाकींवरून हेडलाईट बंद करायचं बटण गेलं. इंजिन सुरू झालं की दिवा लागतो, इंजिन बंद झालं की विझतो. शोरूमवाले याला एएचओ म्हणतात, म्हणजे ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन. बॅटरी उतरायची भीतीही नको, कारण इंजिन चालू असताना वीज तयार होतच असते.

इतकी वर्षं झाली तरी हात अजून हलतात. काही जण तर मेकॅनिककडून वेगळं बटण बसवून घेतात आणि दिवसा दिवा बंद ठेवतात. दिवा कशाला, तर रस्ता दिसायला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मग उन्हात त्याचं काय काम? काम आहे. हा दिवा समोरच्याला आपण दिसावं म्हणून आहे.

२०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा हा आकडा. त्यातले शंभरातले चव्वेचाळीसहून जास्त जण दुचाकीवर होते. हे सगळे अपघात दिव्याने टळले असते असं कुणी म्हणणार नाही. वेग आहे, दारू आहे, हेल्मेटशिवाय निघालेली डोकी आहेत, खड्डे आहेत. पण "दिसलाच नाही हो" हे वाक्य अपघातानंतर इतक्या वेळा ऐकू येतं की त्याला निव्वळ सबब म्हणून सोडून देता येत नाही.

(दृश्य: दिंडोरी रस्ता. द्राक्षबागेतून येणारी कच्ची वाट डांबरी रस्त्याला मिळते. क्रेट भरलेला पिकअप वळणावर थांबलेला.)

हंगामात दिंडोरीकडे गेलात की असे पिकअप जागोजागी दिसतील. बागेतून माल भरून निघाले, शिवाररस्त्याने आले, आता मुख्य रस्त्याला लागायचंय. चालक उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो, पुन्हा उजवीकडे बघतो आणि क्लच सोडतो. त्याच क्षणी उजवीकडून दुचाकी येते.

तो खोटं बोलत नसतो. त्याने बघितलेलं असतं. पण आपली नजर रस्त्यावरून उड्या मारत जाते. एका जागी टेकते, तिथून पुढच्या जागी. मधला भाग मेंदू अंदाजाने भरून काढतो. ट्रक त्या मधल्या भागात मावत नाही. दुचाकी मावते. मागे झाडांची हिरवी-काळी भिंत, रस्त्यावर सावल्या आणि कवडसे, त्यात गडद जॅकेट घातलेला माणूस गडद गाडीवर. तो तिथे असतो आणि नजर त्याच्यावरून घसरून जाते.

वेगाचीही अशीच फसगत होते. समोरून येणारी वस्तू किती झपाट्याने मोठी होत चाललीय, यावरून आपण तिचा वेग ताडतो. बस लांबूनच मोठी होताना जाणवते. दुचाकी मुळात अरुंद, ती बराच वेळ तेवढीच वाटते आणि मग एकदम अंगावर येते. "अजून लांब आहे" म्हणून निघालेला पिकअप आणि ताशी साठने येणारी मोटरसायकल. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. तीन सेकंदांत पन्नास मीटर संपतात.

पेटलेला दिवा इथे मदतीला येतो. आपल्या नजरेच्या कडेला बारकावे कळत नाहीत, पण आजूबाजूपेक्षा उजळ असलेलं काही तिथे आलं की मान आपोआप तिकडे वळते. त्या चालकाला दुचाकीचा रंग, आकार, नंबर काहीच कळायची गरज नाही. तिकडून काहीतरी येतंय एवढं कळलं तरी पाय क्लचवर थांबतो.

अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे नऊशे मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ मध्ये त्यांचा अहवाल आला. मोटरसायकल आणि दुसरं वाहन यांच्या टकरींत दोन तृतीयांश वेळा चूक दुसऱ्या वाहनाची होती. त्याने मोटरसायकलीचा रस्ता अडवला होता. कारण बहुतेक वेळा एकच निघालं: मोटरसायकल दिसली नाही, किंवा फार उशिरा दिसली.

यावर लोक म्हणतात, हे सगळं परदेशातलं, तिकडे धुकं आणि अंधार. आपल्याकडे लख्ख ऊन आहे. सुरुवात तिकडेच झाली हे खरं. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरता आणि शहराबाहेरच्या रस्त्यांपुरता हा नियम आणला. स्वीडनने १९७७ मध्ये तो वर्षभरासाठी केला. कॅनडात १९८९ च्या डिसेंबरपासून बनणाऱ्या गाड्यांना दिवसाचे दिवे सक्तीचे झाले. युरोपीय संघात २०११ पासून बाजारात येणाऱ्या मोटारींच्या नव्या मॉडेलना डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप पेटणारे दिवे आले. गाडीच्या नाकावर सतत पेटलेली ती एलईडीची पट्टी आज आपल्याकडच्या गाड्यांनाही असते.

पण मलेशियाकडे बघा. विषुववृत्ताजवळचा देश, बारा महिने ऊन, रस्त्यावर आपल्यासारख्याच दुचाक्यांच्या झुंडी. तिथे १९९२ मध्ये मोटरसायकलींना दिवसा दिवा लावणं बंधनकारक झालं. पुढच्या अभ्यासात, मोटरसायकल न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. लख्ख उन्हात.

मोटारींच्या बाबतीत चित्र इतकं सरळ नाही, तेही सांगायला हवं. नॉर्वेचे संशोधक रुने एल्विक यांनी १९९६ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा दिवसा दिवा लावणाऱ्या मोटारींच्या इतरांशी होणाऱ्या अपघातांत १० ते १५ टक्के घट दिसली. २००८ मध्ये अमेरिकी सरकारच्या अभ्यासाला मात्र एकंदरीत ठोस फरक सापडला नाही. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये सक्ती आणली आणि २००८ मध्ये मागे घेतली. सगळ्याच मोटारी उजळल्या तर दुचाकीस्वार आणि पायी चालणारे त्यात हरवतील, ही शंका तिथे घेतली गेली आणि ती रास्त आहे. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: दुचाकीचा दिवा दिवसा कायम हवा. चारचाकीने तो केव्हा लावायचा, हे नाशिकच्या रस्त्यांनाच विचारू.

(दृश्य: त्र्यंबक रस्ता, सकाळी सातच्या सुमारास. कोवळं ऊन. त्र्यंबककडून शहराकडे येणाऱ्या गाड्या.)

सकाळी नाशिकहून त्र्यंबकला निघालात की ऊन पाठीशी असतं. रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो आणि वाटतं, आत्ता दिव्याची काय गरज? पण त्र्यंबककडून शहराकडे येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत सूर्य आहे. त्याला तुमची फक्त काळी आकृती दिसतेय, तीही काचेवरच्या धुळीत. संध्याकाळी सातपूरच्या कंपन्या सुटल्या की तोच रस्ता, तीच गोष्ट, फक्त दिशा उलटी. शहराकडे परतणाऱ्याला सगळं झकास दिसतं आणि समोरून येणारा डोळ्यांवर हात धरून गाडी चालवत असतो. ज्याला स्वच्छ दिसतंय, त्यानेच दिवा लावायचा. हे लवकर पटत नाही, कारण स्वतःच्या डोळ्यांवरून दुसऱ्याच्या डोळ्यांचा अंदाज करायची आपल्याला सवय आहे.

मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलाखालीही हेच होतं. नाशिकच्या द्वारका चौकात खांबांच्या सावलीतून दुचाकी उन्हात बाहेर पडते, तेव्हा उन्हातल्या चालकाला सावलीतलं काही दिसत नसतं. दिवा तेवढा दिसतो.

(दृश्य: कसारा घाट. जुलै. दुपारचे दोन. काचेवर वायपर. दहा पावलांवरचा कठडा दिसतो, पुढे पांढरं.)

आणि मग पावसाळा.

घाटात ढग उतरला की दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन यांत फारसा फरक उरत नाही. इगतपुरीकडच्या माणसाला हे सांगायला नको. राखाडी रस्ता, राखाडी पाऊस, त्यात चंदेरी गाडी. ती पुढे आहे हे कळतं तेव्हा तिचा बंपर समोर असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिवे लावायची वेळ नुसती घड्याळावर सोडलेली नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे हवेतच, पण त्याशिवाय १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसण्याइतका उजेड नसेल, त्या प्रत्येक वेळी दिवे हवेत. जुलैतल्या घाटात १५५ मीटर? कित्येकदा पंधरासुद्धा दिसत नाहीत.

कसाऱ्याला जाणारी आणि येणारी वाहतूक वेगवेगळ्या मार्गांनी चालते. म्हणजे समोरून कुणी येत नाही. तुमच्यावर आदळू शकेल असा माणूस तुमच्या मागे आहे. त्याला हवा तुमचा मागचा लाल दिवा. इथे नव्या गाडीवाल्यांची गफलत होते. पुढे डीआरएलची पट्टी पेटलेली असते, डॅशबोर्ड उजळलेला असतो, म्हणून चालकाला वाटतं दिवे चालूच आहेत. पुष्कळ गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. पाठ अंधारातच राहते. स्विच ऑटोवर असेल तरी भरवसा नको. तो सेन्सर अंधार मोजतो, आणि धुकं पांढरं असतं. हाताने स्विच फिरवून लो बीम लावला की मागचे दिवेही लागतात. अप्पर लावू नका. धुक्यात तो उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो.

दुसरी सवय चारही इंडिकेटर लावून घाट चढायची. चांगल्या मनाने लावतात, मागच्याला कळावं म्हणून. पण मागच्याला ही गाडी चालतेय की बंद पडून उभी आहे, हेच कळत नाही. तिला उजवीकडे वळायचं असेल तर तेही कळायला मार्ग नाही, कारण दोन्ही बाजू आधीच लुकलुकत असतात. हॅझार्डचं ते बटण गाडी अडली, थांबली तर वापरायचं.

पेठ रस्त्यावरच्या सावळ घाटात आणि कोटंबी घाटात समोरासमोरची वाहतूक आहे. तिथे पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे हवेत. वळणाला पुढची गाडी दिसण्याआधी तिचा उजेड ओल्या रस्त्यावर आणि दरडीवर पडतो. समोरचा एसटीचालक तेवढ्यावर बस आपल्या कडेला घेतो.

(दृश्य: निफाडकडचा रस्ता, डिसेंबरची पहाट उलटून गेलेली. दव, धुकं. कांद्याने भरलेली ट्रॉली.)

थंडीत निफाड पट्ट्यात सकाळी आठलाही धुकं असतं. लासलगावला, पिंपळगावला लिलावाला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कादवा कारखान्याकडे जाणारा ऊस. ट्रॉलीला मागे दिवा असतोच असं नाही. असला तरी त्याची वायर तुटलेली, नाहीतर तो उसाखाली झाकलेला. मागे असते फक्त रेडियमची पट्टी, तीही मातीने माखलेली. रेडियम स्वतः उजळत नाही. तुमच्या दिव्याचा उजेड तुमच्याकडे परत पाठवणं एवढंच त्याचं काम. तुमचा दिवा बंद असेल तर ती पट्टी म्हणजे नुसता रंगीत कागद. ट्रॅक्टरवाल्या दादांना विनंती आहे, मोंढ्याला निघताना ट्रॉलीच्या मागे पाण्याचा एक हात फिरवा. पट्टी फाटली असेल तर नवीन लावा. ट्रॉलीतल्या मालापुढे तिची किंमत काहीच नाही.

याच दिवसांत, पौष महिन्यात, निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबककडे निघतात. पहाटेपासून माणसं कडेने चालत असतात. डोक्यावर तुळस, हातात टाळ, पाठीवर पडशी. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेल्यांची रीघ असते. यांच्याकडे कुठला दिवा? गाडी येतेय हे त्यांना कळायला गाडीचाच दिवा हवा. रस्ता ओलांडायला थांबलेल्या आजीबाईंना लांबचं वाहन उभं आहे की येतंय हे समजायला वेळ लागतो. दिवा असला की निदान तिकडे लक्ष जातं. इलेक्ट्रिक स्कूटरचा तर आवाजही येत नाही. आता सिंहस्थ आलाच आहे. हे घाट आणि ही वळणं कधी न पाहिलेले हजारो चालक याच रस्त्यांवर येतील.

(दृश्य: पेट्रोल पंप. एक माणूस गाडीच्या मागे उभा, दुसरा आत बसून स्विच फिरवतोय.)

आपली गाडी मागून कशी दिसते, हे बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं. पेट्रोल भरताना सोबतच्याला मागे उभं करा. डीआरएल असताना लाल दिवे लागतात का, लो बीमवर लागतात का, ब्रेकचे दोन्ही बल्ब शाबूत आहेत का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. दुचाकीचा दिवा खाली झुकलेला किंवा आभाळाकडे बघत असेल तर मेकॅनिककडून सरळ करून घ्या. बाजारात मिळणारे डोळे दिपवणारे पांढरे एलईडी बसवू नका. समोरच्याला आपण दिसायला हवं, पण त्याचे डोळे दिपले तर त्याला रस्ताही दिसणार नाही आणि आपणही नाही.

पावसाळ्यात घोटीपासून पुढे ट्रकच्या चाकांचा चिखल काचेवर बसतो तसाच दिव्यांवरही बसतो. काच पुसायला वायपर आहे, दिव्यांना कुणी नाही. इगतपुरीला चहाला थांबलात की घाट उतरायच्या आधी डिकीतलं फडकं काढा. पुढचे दोन्ही दिवे पुसा, मग मागे जाऊन मागचेही पुसा.