आधी स्क्रीन, मग बाकीचं

नमस्कार. मंडळाने मला विषय दिला, फोटो एडिटिंगसाठी कॉम्प्युटर कसा घ्यावा. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, मी तुमच्यासारखाच लग्नाचे फोटो काढणारा. पण एका शालूने मला हा विषय शिकवला, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

शालू डाळिंबी होता. मी तेव्हा नवा लॅपटॉप घेतला होता, गेमिंगचा, कीबोर्डखाली लाल दिवे लागणारा. दुकानदार म्हणाला, यावर फोटोशॉप पळेल. पळायचंही. अल्बम केला, लॅबला पाठवला, छापून आला तर नवरी पिवळी. हळदीत पिवळी असती तर ठीक होतं हो, सप्तपदीतही पिवळी! शालू विटकरी. नवरीच्या आई म्हणाल्या, "आमच्या मुलीला कावीळ झाली होती का?" मी तडक लॅबवाल्याशी भांडायला गेलो. त्या बिचाऱ्याने आवाज चढवला नाही. माझीच फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडली आणि छापील पान शेजारी धरलं. दोन्ही सारखं. मग तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर. तिथे शालू डाळिंबीच! माझी स्क्रीन मुळात निळसर होती, आणि ती निळाई घालवायला मी दर फोटोत पिवळा ढकलत बसलो होतो. पदरचे पैसे घालून अख्खा अल्बम पुन्हा छापला.

तेव्हापासून मी आधी स्क्रीन बघतो. दुकानात मात्र स्क्रीनचं कुणी बोलत नाही. प्रोसेसर कितवा, ग्राफिक कार्ड किती जीबीचं, एवढंच. तुम्ही स्पेसिफिकेशनचा कागद मागा. त्यावर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं की लॅपटॉप खाली ठेवा. स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं एनटीएससी हे अमेरिकेतल्या जुन्या कलर टीव्हीचं माप. आपल्या कामाचं माप एसआरजीबी, जे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलं, आणि आपल्या बहुतेक लॅब फाइल त्यातच मागतात. ४५ टक्के एनटीएससीवाली स्क्रीन एसआरजीबीतले ढोबळमानाने ६०-६५ टक्केच रंग दाखवते. राहिलेले रंग कुठले, तर नेमके आपल्या लग्नातले. पदराचं डाळिंबी आणि काठाचं लाल तिच्यावर एकमेकांत मिसळून जातं. कागदावर '१०० टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी' असेल तर पुढे बोला. पॅनेल आयपीएस हवं, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं.

कागदावर विसंबूनही राहू नका. पेनड्राइव्हवर आपलाच एक फोटो न्या, काळ्या केसांचा, ज्यात गजऱ्यामागची बट न् बट वेगळी दिसते असा. त्याची चांगली छापलेली प्रिंटही पिशवीत ठेवा. स्क्रीनवर फोटो उघडा, प्रिंट शेजारी धरा आणि झाकण पुढे-मागे कलवा. कलवताना केस करडे पडले किंवा चेहऱ्याचा रंग बदलला, तर त्या स्क्रीनवर एडिटिंग करणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

आता रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी. अल्बमचं आपलं १२ बाय ३६ इंची शीट घ्या. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ते होतं ३६०० गुणिले १०८००, म्हणजे ३ कोटी ८८ लाख पिक्सेल. एका पिक्सेलला तीन बाइट धरले तर नुसतं कोरं शीट ११७ एमबी. त्यावर चोवीस मेगापिक्सेलचे सहा फोटो टाका, एकेक ७२ एमबीचा. मग मागे टेक्स्चर, वर मास्क, कोपऱ्यात ते गणपती, जे काढा म्हटलं तरी पार्टी काढू देत नाही. एक जीबी कधी ओलांडला कळत नाही. शिवाय विंडोज आहे, फोटो निवडायचं-सुधारायचं लाइटरूम आहे, ब्राउझरमध्ये गाणी चालू आहेत. रॅम भरली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं आणि आपण गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो. म्हणून १६ जीबी ही सुरुवात, अल्बमवाल्यांनी ३२ घ्यावी. आठवर चालतं असं सांगणारा अल्बम करत नसतो.

एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्याल ती एनव्हीएमई घ्या, त्यातली जास्त वेगवान. चालू काम आणि लाइटरूमचा कॅटलॉग तिच्यावर, जुनी लग्नं साध्या हार्ड डिस्कवर, आणि त्याही दोन, दोन वेगळ्या जागी. ग्राफिक कार्डाची हौस व्हिडिओवाल्यांना. आपल्याला ते खरं लागतं फोटोतले दाणे साफ करणाऱ्या एआय डिनॉइजला, जे लाइटरूममध्ये २०२३ साली आलं. अंधाऱ्या हॉलमधले फोटो रोजच साफ करावे लागत असतील तर कार्डावर पैसे घाला, नाहीतर नको.

मघाशी कुणीतरी विचारलं, मॅक घेऊ का? घ्या, परवडत असेल तर. मॅकबुकची स्क्रीन दुकानातूनच नीट येते, निम्मी डोकेदुखी कमी. फक्त रॅम घेतानाच ठरवा, अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-वन आणि त्यापुढच्या चिपच्या मॅकमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. पण आपल्या दुकानात बसूनच काम करणार असाल, तर माझं मत डेस्कटॉपला. त्याच पैशात २४ इंची आयपीएस मॉनिटर वेगळा घेता येतो, आणि पुढे पीसी बदलला तरी मॉनिटर राहतो. आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस त्याच बिलात धरा.

चांगली स्क्रीनही हळूहळू रंग सोडते. कॅलिब्रेटर म्हणून छोटं यंत्र मिळतं, स्क्रीनवर लटकवायचं, ते रंग मोजून प्रोफाइल बनवून देतं. महिन्यातून एकदा लागतं, मग प्रत्येकाने कशाला घ्यायचं? पाच जणांनी वर्गणी काढा. आमच्या गल्लीत तेच चालतं, यंत्र डब्यासारखं या दुकानातून त्या दुकानात फिरतं. ब्राइटनेसही उतरवा. फुल ठेवून एडिट केलेला फोटो छापल्यावर काळवंडतो, आणि शिव्या पुन्हा लॅबवाल्याला.

एक राहिलंच. हे सगळं घेऊनही माझे फोटो वर्षभर किंचित गुलाबी छापून येत होते. कारण सापडेना. शेवटी लॅबवालाच चहाला आला आणि माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंत पोपटी होती. दिवसभर तो पोपटी उजेड स्क्रीनवर पडायचा, आणि मी तो फोटोतून काढत बसायचो. भिंत करडी करून घेतली. घरचे म्हणतात, दुकान पोलीस चौकीसारखं दिसतं.