नऊ पौंड पंधरा पेन्स

(पडदा काळा. फक्त आवाज.)

"एक्स्क्यूज मी, कॅन यू टेल मी हाउ मच द शर्ट इज?"
"येस, इट्स नाइन फिफ्टीन."

दुकानातलं दोन वाक्यांचं बोलणं. पण चीनमध्ये बारावीची परीक्षा दिलेल्या तरुणांपुढे हे म्हणून बघा. शर्टची किंमत ते झोपेतही सांगतील: नऊ पौंड पंधरा पेन्स. इंग्रजी श्रवणपरीक्षेच्या ध्वनिफितीत नमुन्याचा प्रश्न म्हणून हाच संवाद वर्षानुवर्षं वाजत आलाय. त्याला गुण नाहीत. तो संपला की खरी परीक्षा सुरू होते.

(दृश्य: शाळेचं फाटक. बाहेर पालक, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या.)

८ जून, दुपार. गाओकाओ, म्हणजे चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नाव नोंदवलं होतं. बाकीच्या विषयांना थोडा उशीर झाला तरी आत घेतात. इंग्रजीला ती सवलत नाही. पेपर तीनचा, पण पावणेतीनला दार बंद. कारण तीनच्या ठोक्याला ध्वनिफीत सुरू होते, आणि ती कुणासाठी थांबत नाही.

त्या वेळी केंद्राभोवतालचे रस्ते गप्प असतात. हॉर्नला बंदी, बांधकामं बंद. कुठे कुठे तर विमानांच्या वेळाही मागेपुढे केल्या जातात. भिंतीवरच्या स्पीकरमधून येणारा एखादा शब्द बाहेरच्या गोंगाटात हरवू नये, म्हणून अख्खं शहर वीस मिनिटं आवाज खाली ठेवतं. मला हे दृश्य फार हलवून जातं.

(दृश्य: प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान, त्यावर पेन्सिल धरलेला हात.)

वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण. पहिले पाच संवाद अगदी छोटे, आणि ते एकदाच ऐकवतात. एकदाच. उत्तरावर खूण करायला आणि पुढचा प्रश्न वाचायला मिळून दहा सेकंद. पुढचे संवाद आणि भाषणं लांब, म्हणून ती दोनदा वाजतात.

वरवर सोपं वाटतं. पण प्रश्न कसा बेतलेला असतो ते बघा. समजा, बाई म्हणते, गाडी साडेतीनची होती. माणूस सांगतो, आज पंचवीस मिनिटं उशिरा सुटणार आहे. आणि विचारलंय, गाडी सुटणार कधी? पर्यायांत साडेतीन आहेच, तो कानावरही पडलाय. तीन पंचावन्न मात्र कुणीच उच्चारलेलं नाही. ते ऐकणाऱ्याने डोक्यात जुळवायचं, आणि तेवढ्यात पुढचा संवाद आलेला असतो. ज्याचं मन मागच्या प्रश्नात अडकलं, त्याचा पुढचाही गेला.

त्यात कानाची आपली एक घडण असते. चिनी प्रमाणभाषेत अक्षर संपतं ते स्वरावर, नाहीतर न किंवा ङसारख्या मोजक्या ध्वनींवर. 'डेस्क'मधला शेवटचा स्क, 'आस्क्ड'च्या शेवटचा क्ट, असे जोडध्वनी त्या भाषेत नाहीतच. आपण 'रस्ता', 'पुस्तक' म्हणत मोठे झालो, आपल्याला ते खटकत नाहीत. चिनी मुलाला शेवटचे व्यंजन आधी ऐकायलाच शिकावं लागतं. अनेकदा क्रियापदाचा भूतकाळ नेमका तिथेच लपलेला असतो.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. वर्गात पाठांतर करणारी मुलं.)

दहा वर्षांच्या खंडानंतर, डेंग शियाओपिंग यांच्या पुढाकाराने, १९७७च्या हिवाळ्यात ही परीक्षा पुन्हा सुरू झाली. ५७ लाख परीक्षार्थी, आणि जागा पावणेतीन लाखांच्या आसपास. त्या वेळी परकी भाषा भाषाशाखेला जाणाऱ्यांपुरतीच होती. पुढे इंग्रजीचे गुण पूर्ण धरले जाऊ लागले, पण कागदावरचेच. म्हणून शिकवणंही कागदावरचंच राहिलं: व्याकरण, शब्दांच्या याद्या, पाठांतर. मुलं परीक्षेत उत्तम गुण मिळवत आणि समोर परदेशी माणूस आला की गप्प होत. चिनी लोकांनीच या इंग्रजीला नाव दिलं, 'याबा यिंग्यू', मुकी इंग्रजी.

परीक्षेला तिकडे आणखी एक शब्द आहे: संचालकाची छडी. वाद्यवृंदापुढे उभा असलेला माणूस ती जिकडे हलवतो, तिकडे सगळी वाद्यं वळतात. ही गोष्ट हेरून भाषाशास्त्रज्ञ ग्वी शिचुन आणि त्यांच्या ग्वांगजो शहरातल्या सहकाऱ्यांनी परीक्षेचाच साचा बदलायचं ठरवलं. १९८५मध्ये ग्वांगदोंग प्रांतात नव्या धर्तीच्या इंग्रजी परीक्षेचे प्रयोग सुरू झाले. भाषेची माहिती किती, यापेक्षा ती वापरता येते का, हे तपासायचं होतं. श्रवण मात्र देशभरच्या पेपरात यायला शतक बदलावं लागलं. ते आलं, आणि वर्गावर्गांत टेपरेकॉर्डर वाजू लागले.

(दृश्य: उताऱ्यांची पानं. खाली बोट फिरतंय.)

वाचनाचा भाग शांत, पण वजनाने जड. चार उतारे, पंधरा प्रश्न. शिवाय 'सातातून पाच' नावाचा प्रकार: उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली, खाली सात दिलेली, कुठलं कुठे बसतं ते ओळखायचं. सध्याच्या सर्वसाधारण पेपरात वाचनाचे पन्नास गुण. श्रवणाचे तीस धरले तर दीडशेतले ऐंशी गुण ऐकण्या-वाचण्याचेच झाले.

इथे अडचण शब्दांची कमी आणि वाक्याच्या वळणाची जास्त. चिनीत विशेषण कितीही लांब असलं तरी नामाच्या आधी येतं. आपण 'काल आलेला मुलगा' म्हणतो, तेही अगदी त्याच क्रमाने म्हणतात. इंग्रजीत मुलगा आधी येतो आणि त्याची हकिगत मागून. असे तीन-चार मागून जोडलेले तुकडे एका वाक्यात आले, की कर्ता कुठला आणि क्रिया कुठली हे शोधण्यातच वेळ जातो.

आणि गुण म्हणजे काय, ते २०१८मध्ये झेजियांग प्रांताने पाहिलं. तिथे नोव्हेंबरच्या इंग्रजी पेपरात वाचन आणि भाषावापराचे काही प्रश्न जास्तच अवघड निघाले. अधिकाऱ्यांनी त्या प्रश्नांच्या गुणांना परस्पर वजन देऊन हिशेब बदलला. निकाल लागताच विद्यार्थी आणि पालक खवळले. चौकशी झाली, आणि ५ डिसेंबरला वजन रद्द करून मूळ गुण परत दिले गेले. हेतू चांगला असेल. पण तीन वर्षं घासलेल्या मुलाला नियम आधी कळायला हवा होता. त्यांचा राग मला पूर्ण पटतो.

(दृश्य: संगणकांची रांग, हेडफोन लावलेली मुलं.)

आता काही ठिकाणी एका दुपारचा भार हलका होतोय. शांघायमध्ये इंग्रजीचा पेपर वर्षातून दोनदा देता येतो. बीजिंगमध्ये २०२१पासून श्रवण आणि संभाषण संगणकावर, पन्नास गुणांचं, दोन संधींचं. ग्वांगदोंगमध्ये मुलं २०११पासून माइकसमोर बोलतायत.

हेडफोन सारखे असले तरी कान मात्र सारखे नसतात. २००१पासून सरकारी धोरणानुसार इंग्रजी तिसरीपासून. शहरातल्या मुलांना त्याही आधीपासून शिकवण्या असत, पडद्यावर परदेशी शिक्षक असत. २०२१च्या नियमांनी परदेशात बसून शिकवणाऱ्यांवर बंदी घातली. पण डोंगराळ भागातल्या शाळेतल्या मुलीला ते शिक्षक कधी मिळालेच नव्हते. तिच्यासाठी इंग्रजीचा आवाज म्हणजे तिच्या बाई आणि ही ध्वनिफीत. याच मुलीच्या गुणांना मी सगळ्यात जास्त मान देईन.

(दृश्य: पुन्हा तोच वर्ग. पंखा. स्पीकर.)

शेवटचं भाषण दुसऱ्यांदा वाजून संपतं. उत्तरपत्रिकेतले चौकोन काळे करायला दोन मिनिटं. कुणी डोळे मिटून घेतो, कुणी सतरावा प्रश्न खोडून पुन्हा भरतो.

स्पीकर बंद होतो. खोलीभर एकदम पानं उलटल्याचा आवाज. वाचन, उतारा पहिला.