मॅग्नेटो उतरतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन चढतं

(दृश्य: कोल्हापूर विमानतळ, उजळाईवाडी. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलेलं चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन. पाठीमागच्या बाजूला दोन काळे मॅग्नेटो.)

कोल्हापूरचा विमानतळ ५ जानेवारी १९३९ रोजी सुरू झाला. तेव्हा विमानाच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो द्यायचा. आज सेस्ना १७२सारख्या छोट्या विमानाचं काउलिंग उघडा, बहुतेक वेळा मॅग्नेटोच दिसेल. रस्त्यावरच्या बुलेटचे सीबी पॉइंट (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क) केव्हाच गेले. विमानात मॅग्नेटोच्या आत ते टिकले, आणि टिकण्याला पक्कं कारण आहे.

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरतंय तोवर आतला चुंबक फिरतो आणि ठिणगी पडते. अल्टरनेटर गेला, मास्टर स्विच बंद केला, तरी इंजिन थांबत नाही. त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन्ही बाजूंचे मॅग्नेटो स्वतंत्र.

(दृश्य: उघडलेला मॅग्नेटो. फिलर गेजची पाती पॉइंटच्या फटीत.)

ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास. पॉइंट उघडणारा कॅम फॉलोअर झिजला की ते उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. पॉइंटची तोंडं जळून झिजली की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. दोन्ही झीज एकदमच चालू असते, म्हणून दर ५०० तासांनी मॅग्नेटो उतरवून उघडावा लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक दुखणं वाढतं. डिस्ट्रिब्युटर ब्लॉकमध्ये (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागात) ओल शिरते, ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी ब्लॉकवरून वाट काढते आणि तिथे कोळशाची बारीक रेघ उमटते. एकदा ती रेघ पडली की पुसून भागत नाही, ब्लॉक बदलावा लागतो.

आणि मूळ मर्यादा वेगळीच आहे. या इंजिनांत मॅग्नेटोचं टायमिंग एका जागी बांधलेलं असतं, बहुतेक इंजिनांत टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोहोचतो त्या जागेच्या) २५ अंश आधी. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. इथून पूर्ण थ्रॉटलने उडताना मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब) पाऱ्याच्या २७ इंचांच्या आसपास असतं आणि २५ अंश बरोबर बसतात. ८,००० फुटांवर तेच प्रेशर २२ इंचांपर्यंत उतरतं. हवा विरळ, मिश्रण लीन (इंधन कमी) केलेलं, ज्वाला सावकाश पसरते. तिथे ठिणगी लवकर पडायला हवी. मॅग्नेटोला ते कळत नाही. मॅग्नेटोच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मॅनिफोल्डचं प्रेशर मोजतं आणि ठिणगी तेवढी आधी पाडतं.

आता काम. पहिला निर्णय असा की मॅग्नेटो एकच बदलायचा, दुसरा जागेवर ठेवायचा. वीज गेलीच तर इंजिन चालवायला तोच आहे. आमच्या मते इम्पल्स कपलिंगवाला (सुरू करताना झटका देऊन ठिणगी उशिरा पाडणाऱ्या स्प्रिंगचा) डावा मॅग्नेटो राहू द्यावा. बॅटरीने दगा दिला तरी त्या बाजूने इंजिन सुरू होण्याची आशा राहते. सुटे भाग मागवण्याआधी कागद बघा. एसटीसीच्या (विमानातल्या बदलाच्या मंजुरीपत्राच्या) यादीत आपलं नेमकं इंजिन मॉडेल आहे का, त्या इंजिनाला अ‍ॅडव्हान्स मोड (प्रेशर बघून ठिणगी आधी पाडणं) मंजूर आहे की फिक्स्ड टायमिंगच, आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता. काम परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) सहीनेच होतं.

(दृश्य: वरचे चारही प्लग काढलेले. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा.)

आधी चावी काढून घ्या. तरीही प्रोपेलर जिवंत आहे असंच समजून हात लावा, कारण पी-लीडची (मॅग्नेटोला अर्थ करून बंद ठेवणारी) तार तुटलेली असेल तर चावी बंद असूनही मॅग्नेटो ठिणगी देतो. प्रोपेलर हळूहळू फिरवा. अंगठ्याला आतून दाब जाणवला की पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आला.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मॅग्नेटो बसवताना रिंग गिअरवरची २५ अंशांची खूण स्टार्टरवरच्या बारीक भोकासमोर आणायची हाताला सवय असते. अनेक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मात्र टीडीसीला बसवतात. सवयीने २५वर बसवलं तर ठिणगी हवी त्यापेक्षा तब्बल २५ अंश आधी पडते. मग स्टार्ट करताना इंजिन उलटा झटका देतं आणि स्टार्टर मोडतो. म्हणून मॉड्यूलचं मॅन्युअल समोर उघडं ठेवूनच बसवायचं. मॉड्यूलवरचे छोटे डिप स्विच इंजिनाच्या डेटा प्लेटवरचा अंश बघून लावा. काही इंजिनांच्या प्लेटवर २५ नाही, २० असतो.

इम्पल्सवाला मॅग्नेटो काढला असेल, तर त्यामागचा स्पेसर आणि लांब स्टड यांचं काय करायचं तेही मॅन्युअलमध्येच बघा. स्पेसर चुकून राहिला तर गिअर पूर्ण आत पोहोचत नाही.

(दृश्य: पॅनलमागे इग्निशन स्विच. आर (उजवा मॅग्नेटो) आणि ग्राउंड या टर्मिनलमधली आखूड पट्टी.)

ही पट्टी सहज नजरेतून सुटते. उजव्या मॅग्नेटोला इम्पल्स नसेल, तर चावी स्टार्टवर असताना ही पट्टी त्याला गप्प करते, कारण सुरू करताना त्याची ठिणगी फार लवकर पडते. उजवीकडे इलेक्ट्रॉनिक बसवलं आणि पट्टी तशीच राहिली, तर नवं मॉड्यूल नेमकं स्टार्टच्या क्षणी बंद पडतं. "एवढा खर्च केला, सुरू व्हायला काहीच फरक नाही," ही तक्रार आली की आधी ही पट्टी बघा.

मॉड्यूलची वीज मास्टरच्या आधीच, बॅटरीकडून, मॅन्युअलमधल्या फ्यूजमधून घ्या. तार विमानाच्या दर्जाची, जोड क्रिंपचे. फायरवॉलमधून तार जाते तिथे ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. मॉड्यूलचं अर्थिंग स्वच्छ धातूवर, रंगावर नको. बॅटरी थकलेली असेल तर आधी ती बदला. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडलं तर मॉड्यूल गोंधळतं.

फायरिंग ऑर्डर १-३-२-४. वेस्टेड स्पार्कच्या (जोडीतली एक ठिणगी कामाची, दुसरी वाया) सिस्टममध्ये १ आणि २ एकत्र, ३ आणि ४ एकत्र ठिणगी घेतात. म्हणून जोडीतल्या जोडीत लीड (प्लगची तार) उलटी लागली तरी इंजिन छान चालतं आणि चूक लपून राहते. लीडवरचे नंबर वाचूनच लावा. मॅग्नेटोच्या प्लगची फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी. इलेक्ट्रॉनिकला बहुधा जास्त लागते. ती मॉड्यूलच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि मॅग्नेटोच्या बाजूचे प्लग होते तसेच राहू द्या.

पहिल्या उड्डाणांत सिलिंडर हेडचं तापमान बारकाईने बघा. ठिणगी आधी पडली की एक्झॉस्ट थोडा थंड होतो आणि हेड तापतं. एप्रिलच्या दुपारी चढताना आकडा ४०० फॅरनहाइटच्या वर जाऊ लागला, तर नाक खाली घ्या आणि वेग वाढवा. उतरल्यावर बॅफलच्या (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या) फटी तपासा.

(दृश्य: रन-अप, म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवरची इंजिन चाचणी. आरपीएमचा काटा. चावी आरवर, मग एलवर.)

चावी आरवर, म्हणजे फक्त इलेक्ट्रॉनिक: काटा जेमतेम हलतो. एलवर, म्हणजे फक्त जुना मॅग्नेटो: काटा चांगलाच खाली येतो. मॅग्नेटो बिघडलेला नाही, पलीकडची बाजू जास्त चांगली झाल्यामुळे फरक मोठा दिसतो. काम झालं त्या दिवसाचे दोन्ही आकडे लॉगबुकमध्ये लिहा आणि विमान चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. पुढे आरवरही काटा पडू लागला, तर विमान उडवू नका. आधी फ्यूज, तार आणि अर्थिंग तपासा.