डावखुऱ्याचा तबला

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात महाल भागातल्या एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. पोरानं बसल्या बसल्या तबला डावीकडे ओढला, डग्गा उजवीकडे. आई ओशाळली. "सर, हा डावखुरा आहे. एवढी सवय मोडून द्या ना."

वीस वर्षांपूर्वी मी ती मोडायला बसलो असतो. बसलोही होतो. एका मुलीकडून वर्षभर उजव्या हातानं 'ना' हा बोल काढून घेतला. तर्जनी चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, पडायची, पण अनामिका शाईच्या, म्हणजे काळ्या गोलाच्या, कडेला ठरायचीच नाही. नाद बसका. "हात जड आहे," मी म्हणालो, आणि तिनं तबला सोडला. हात तिचा हलकाच होता हो, मी भलताच धरून बसलो होतो.

तबल्याला खर्च काहीच नाही. जोडी अदलाबदल करून ठेवायची. डग्ग्याची शाई मधोमध नसते, म्हणून तो हाताच्या सोयीनं जरा फिरवून घ्यायचा. आणि गंमत ऐका. मी समोर बसून शिकवतो, तेव्हा उजव्या पोरांना माझा हात मनात उलटा करून घ्यावा लागतो. या पोराला मी आरशातल्यासारखा दिसतो! 'तिरकिट' त्यानं बाकीच्यांच्या आधी उचललं.

आपल्याकडे तुकडोजी महाराजांची खंजेरी घरोघरी. तिला कुठला आलाय डावा-उजवा? बासरीची भोकंही एका ओळीत, कुठूनही धरा. हरिप्रसाद चौरसिया तर अन्नपूर्णादेवींकडे शिकताना उजवी बाजू सोडून डावीकडून वाजवायला लागले.

पेटीत मात्र अडतं. खर्ज, म्हणजे खालचे स्वर, डावीकडेच राहणार. भाता उजव्या हातानं मारता येतो, पण अंगठा वरच्या स्वरांकडे येतो आणि शिकवलेला बोटांचा क्रम उलटतो. व्हायोलिनच्या नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, कारण आतला टेकू आणि पट्टीही बाजू धरून बसवलेली असते. तिथं घाईनं ठरवू नका. महिनाभर दोन्ही हातांनी वाजवू द्या, मूलच सांगेल.

गणपतीत आमचं हे पोर मंडळाच्या स्टेजवर बसलं. माइकवाल्यानं सवयीनं डग्ग्याचा माइक तबल्यावर लावला. पोरगं म्हणालं, "काका, तुमचा माइक उलटा आहे."