व्हाइट माउंटन्समधील पांढरे हॉटेल

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, १९१७ मीटर उंचीच्या माउंट वॉशिंग्टनसमोर, तांबड्या छपरांची आणि अष्टकोनी मनोऱ्यांची ही पांढरीशुभ्र वास्तू, म्हणजेच माउंट वॉशिंग्टन हॉटेल, १९०२ पासून उभी आहे. रेल्वे आल्यानंतर या डोंगरांत श्रीमंत पाहुण्यांसाठी अनेक भव्य हॉटेले बांधली गेली, परंतु ती प्रामुख्याने लाकडी होती आणि त्यांतली बरीचशी आगीत गेली. कोळसा आणि रेल्वेच्या व्यवसायात धनाढ्य झालेल्या जोसेफ स्टिकनी यांनी मात्र वास्तुविशारद चार्ल्स अ‍ॅलिंग गिफर्ड यांच्याकडून वेगळी इमारत रचून घेतली. आत पोलादी सांगाडा, खाली ग्रॅनाइटचे दगडकाम आणि वर पांढरा गिलावा, अशी ही बांधणी सुमारे २५० इटालियन कारागिरांच्या हातांनी दोन वर्षांत पूर्ण झाली.

आता कॅमेरा व्हरांड्यात येतो. खांबांच्या या लांबलचक रांगेतून चालत राहिले की दोन खांबांमधल्या प्रत्येक चौकटीत तोच पर्वत थोडा थोडा सरकत जातो. वास्तुविशारदाची खरी समज मला इथे दिसते, कारण डोंगराशी स्पर्धा न करता त्याने डोंगर पाहण्याची जागा घडवली. आतले भोजनगृहही अष्टकोनी आहे, त्यामुळे कोणाही पाहुण्याच्या वाट्याला अडगळीचा कोपरा येत नाही. हे वैभव स्टिकनी यांना फार काळ पाहता आले नाही. १९०३ मध्येच त्यांचे निधन झाले.

जुलै १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी इथे जमले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँकेचा पाया घातला गेला. इथल्या ठिकाणाच्या नावाने ओळखली जाणारी ब्रेटन वूड्स परिषद ती हीच. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेल्या या मराठी माणसाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या पौंडांतील येणे रकमेचा प्रश्न इथे लावून धरला. ब्रिटनने तो परिषदेबाहेर ठेवला, तरी पारतंत्र्यातील देशाची ती मागणी जगासमोर मांडली गेली.

१९८६ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. करारावर सह्या झालेली 'गोल्ड रूम' आजही जपलेली आहे.